छातीतला पांढरा थर

भूपाल चौगुल्यांची छाती धुवायला घेतली, तेव्हा इतकी मिरची निघाली की शेजारचे दोन वॉर्ड शिंकून शिंकून रिकामे झाले. माणसानं जन्मभर मिरचीचं कांडप चालवलेलं. दवाखान्यातलं यंत्र फुप्फुसातली धूळ थराथरानं सोलून बाटल्यांत भरत होतं.

"लवंगी संपली, आता ब्याडगी," उशाशी बसलेली बायको आक्काताई म्हणाली. "अख्ख्या गावाची चटणी चोरलीसा की ओ."

मग एकदम पांढरं काही येऊ लागलं.

"ही तर अंगाला लावायची पावडर," डॉक्टरीणबाई चकित झाल्या.

भूपालनी त्यांचा हात धरला. "तेवढी आत राहू दे."

"राहिली तर दम कोंडून जीव जाईल, काका."

"जाऊ दे."

आक्काताईनंच मग सांगितलं. देठं खुडून तिचे हात सदा तिखट असायचे, म्हणून आंघोळीनंतर लेकीला, पद्मीला, पावडर हे लावायचे. डबाच उपडा करायचे. लेक हसायची आणि दोघंही ढगात. चौथ्या वर्षी ती तापानं गेली.

"काढा बाई," आक्काताई म्हणाली. "मला माणूस पाहिजे."

भूपालनी भिंतीकडे तोंड फिरवलं. थर निघाला. कित्येक वर्षांनी छाती भरून श्वास आला, आणि त्या श्वासासरशी ते लहान पोरासारखे रडले.

डॉक्टरीणबाईंनी बाटली आक्काताईच्या हातात दिली. तिनं बूच काढून ती नाकाशी धरली आणि सगळी पावडर आत ओढून घेतली.

"अहो, हे काय केलंत?"

"असू दे," खोकत आक्काताई म्हणाली. "इतकी वर्षं बापाकडं होती. आता आईकडं राहील."