ताम्हनाशेजारचा फोन

रायपुरात कोणत्याही मराठी घरी मरण झालं, की पहिला फोन आमच्या आबांना यायचा. म्हणून पूजेतही त्यांचा फोन ताम्हनाशेजारी असायचा. "देव काही रागवत नाही," असं आईला सांगून ते अर्ध्या पूजेतून उठायचे आणि फोनवर एवढंच म्हणायचे, "तुम्ही फक्त रडा. बाकीचं मी पाहतो." मग बांबूपासून भटजीपर्यंत सारं तेच पाहायचे.

माझी लेक श्रावणी त्यांची भारी लाडकी, पण उत्तर कायम हिंदीत.

"पोट्टे, कधी तं मराठीत बोल न!"

"समझती तो हूँ न, आबा!" म्हणत ती त्यांच्या गळ्यात पडायची.

आज सकाळी आबा देवासमोर बसल्या बसल्याच गेले. मला काही सुचेना. सवयीनं मी फोन काढला, नंबर लावला, आणि ताम्हनाशेजारी आबांचाच फोन वाजू लागला.

श्रावणीनं तो उचलला, कानाला लावला. माझ्याकडे बघत त्याच फोनवर बोलली,

"पापा, तुम्ही फक्त रडा. बाकीचं मी पाहते."