मास्तरांची चक्कर

“थांब, थांब. आली,” म्हणत मास्तरांनी भर चौकात बायकोचा दंड धरला.

मास्तरीणबाई लगेच पाय रोवून उभ्या राहिल्या. “डोळे मिटू नका. माझ्याकडे बघा. सावकाश श्वास घ्या.” हे सगळं त्यांना आता पाठ झालं होतं. त्या डावीकडे वळायला निघाल्या होत्या आणि नेमकं तेव्हाच ह्यांना गरगरलं. दोघं जरा वेळ बाकावर टेकली. मग बाईंचा आधार घेत मास्तर उठले, हळूहळू उजव्या हाताला चालू लागले आणि बोलता बोलता दोऱ्यांचं दुकान आलंसुद्धा.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. कपडे शिवणारे. गिऱ्हाइकांनी त्यांना मास्तर केलं आणि त्यांच्यामागोमाग बाईही फुकटात मास्तरीण झाल्या. शिकवलं त्यांनी कुणालाच नाही, जन्मभर काजं-बटणं केली.

मास्तरांचे ठोके चुकायला लागले तेव्हा डॉक्टरांनी डाव्या खांद्याखाली पेसमेकर बसवला. बाईंना वाटलं, सुटलो एकदाचे. कसलं काय! आगीतून फुफाट्यात. ठोके अधूनमधून अडखळायचेच, वर ही चक्कर. डॉक्टरांनी आतली तार पुन्हा नीट बसवून दिली, तरी चक्कर काही घर सोडायला तयार नव्हती.

तिला वेळकाळ नव्हता. बाई खडू शोधायला आत गेल्या की परत येईपर्यंत मास्तर इस्त्रीच्या टेबलाला धरून उभे. बाईंनी पिशवी उचलून एकटीनेच बाजारात जायचं मनात आणलं की हे दारातच मटकन बसले. “मलाही घेऊन चल,” म्हणायचे. “एकटा राहिलो तर घाबरायला होतं.”

बाई कुरकुरत नसत असं नाही. “लग्नात धरलेला हात आत्ता कुठे नीट धरलात,” असा टोमणा त्या मारायच्या. मास्तर हसायचे आणि हात सोडायचे नाहीत.

पण मनातून त्या पार खचल्या होत्या. सकाळी मास्तरांना जाग यायच्या आधी त्या खांद्याखालच्या त्या टेंगळाजवळ अलगद तळवा ठेवायच्या. एखादा ठोका चुकला की त्यांचाच जीव गोळा व्हायचा. हे गेले तर आपण कुठे जायचं, कुणाशी भांडायचं? एकटं राहणं त्यांना ठाऊकच नव्हतं. देवाने काहीही न्यावं, एवढा माणूस ठेवावा, इतकंच त्यांचं मागणं होतं.

दर रविवारी दवाखान्यातून एक ताई यायची. “माझं यंत्र तपासायला येते,” असं मास्तरांनीच सांगितलं होतं. चाळिशीची, चांगल्या घरची दिसायची, पण वळण म्हणून नव्हतं. पहिल्यांदा आली ती थेट अगंतुगंवर! बाईंनी असं झापलं की बिचारीचा चेहरा एवढासा झाला. तेव्हापासून मुकाट्याने अहो-जाहो करायची. तपासणी तरी कसली! हातात ना पिशवी ना यंत्र. मास्तरांचं मनगट धरायचं, घड्याळाकडे बघायचं, झालं काम. प्रश्न मात्र सगळे बाईंना. जेवलात का, झोप लागते का, पाय सुजतात का.

“अगं, पेशंट ते आहेत,” बाई म्हणायच्या. “मी ठणठणीत आहे.”

त्या रविवारी चहाचे कप घेऊन बाई दारापर्यंत आल्या आणि थबकल्या. ताई दबक्या आवाजात बोलत होती.

“किती वाळलात तुम्ही. हे आता तुम्हाला झेपायचं नाही. मी घेऊन जाते.”

“कुठेही न्यायचं नाही,” मास्तर म्हणाले. “आणि मला काय धाड भरलीय? तार नीट बसवल्यापासून एकदाही चक्कर आलेली नाही.”

बाईंना राहवलं नाही. आत शिरून त्यांनी कप टेबलावर आदळले.

“साफ खोटं बोलतायत! आज सकाळीच चौकात आली. परवा इस्त्रीपाशी आली. दवाखान्यात न्याल म्हणून लपवतायत ते.” त्यांनी मास्तरांचा दंड धरला. “पण नेऊ नकोस गं ह्यांना. मी आहे ना. एक पाऊल एकटं टाकू देत नाही मी. डोळ्यांत तेल घालून बघते. मी सांभाळते त्यांना, तू नेऊ नकोस.”

मास्तरांनी चोरी पकडली गेल्यासारखी मान खाली घातली.

“येते चक्कर,” ते म्हणाले. “हिच्यावाचून माझं पान हलत नाही.”

ताईने एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. बाईंचा राग तिथेच विरला. पोरगी फारच मनाला लावून घेत होती. परक्याच्या आजारासाठी इतकं कोण रडतं? त्या तिच्याशेजारी बसल्या आणि आपल्या हाताने तिचे डोळे पुसू लागल्या.

“उगी. मी तुझ्यावर नाही चिडले. तुला आई आहे ना?”

“आहे.”

“मग जा तिच्याकडे. केव्हाची वाट बघत असेल ती.”

ताईने बाईंचा हात आपल्या गालाशी दाबून धरला.

“नाही गं बघत, आई.”