बारशाचा रस्ता

मांडीवर झबल्या-टोपड्याचा पुडा घेऊन नवरा ऐटीत बसला होता. मामेबहिणीकडे बारसं आहे, असं कुमुदिनीने त्याला सांगितलं होतं. गाडी निघाली होती व्यसनमुक्ती केंद्राकडे.

फोनवर रस्ता सांगणाऱ्या बाईंचा आवाज तिने आपल्यापुरता बारीक ठेवला आणि गाणी मोठ्याने लावली. पण फोन भलताच सभ्य. बाईंनी तोंड उघडलं की गाणं आपणहून दबायचं. तसं ते दबलं.

“डावीकडे वळा. तुमचं ठिकाण, व्यसनमुक्ती केंद्र, उजवीकडे आहे.”

कुमुदिनीला वाटलं, हा आता दार उघडून पळणार, गेल्या खेपेसारखा. भीतीपोटी ती वळलीच नाही, सरळ पुढे गेली.

त्याने गाणं बंद केलं. “वळण मागे राहिलं,” तो म्हणाला. “पुढून गाडी फिरव. आणि जरा दामट, माझा विचार बदलायच्या आत.”