शिशाचं बूच

घरात शिरल्यावरही म्हाताऱ्याने खिशातली मूठ सोडली नाही. मुठीत फुटलेल्या बॉयलरचं बूच होतं. कापड रंगवायच्या कारखान्यात सकाळी त्याने राडारोडा उपसून ते हुडकलं होतं. जावयाची जळकी चप्पल तिथेच दोन हातांवर पडलेली होती.

लेक भिंतीला टेकून बसली होती. काल नवऱ्याला स्मशानात पोचवून आल्यापासून ती रडली नव्हती. समोर खुर्चीत तिचा दादा होता, त्याच कारखान्यातला फिटर. मान खाली.

"कारखान्यातले काय म्हणाले?" तिने विचारलं.

"बॉयलरमधलं पाणी आटलं म्हणे. सुपरवायझर म्हणतो, बॉयलर बघायचा सोडून जावई झोपला होता."

"झोपले होते?"

म्हाताऱ्याने मुलाकडे पाहिलं. मुलाने वर पाहिलंच नाही.

आता बॉयलरपाशी उभा जन्म काढलेल्या माणसाला हे काय सांगायचं! भट्टीच्या डोक्यावरच्या पत्र्यात एक बूच बसवतात आणि त्याच्या भोकात शिसं ओततात. शिसं तर नखाने ओरखडा उठेल इतकं मऊ. वर पाणी आहे तोवर गुमान बसतं. पाणी आटलं की सगळ्यात आधी तेच वितळतं, भोक मोकळं होतं आणि वाफ धो धो खाली येऊन आग विझवते. कामाचा खोळंबा होतो, शिव्या बसतात, पण माणसं संध्याकाळी आपल्या पायांनी घरी जातात. अशी वितळलेली बुचं म्हातारा पूर्वी घरी आणायचा. लेक तेव्हा एवढीशी होती. भोकाला डोळा लावायची आणि ओरडायची, "बाबा, दिसलात!"

हे बूच गच्च भरलेलं होतं. काजळी अंगठ्याने पुसली, तर आत पिवळं निघालं. कुणीतरी शिसं काढून तिथे सहज न वितळणारं पितळ ठोकलं होतं. ठोकणाऱ्याचा हात म्हाताऱ्याने बघताक्षणी ओळखला. तो हात त्यानेच तर शिकवला होता.

"बाबा, माणूस झोपला तरी शिसं जागं असतं, तुम्हीच म्हणायचात ना?"

"म्हणायचो." म्हाताऱ्याने खिशातली मूठ आवळली. "पण जुनं झालं की... देतं कधीकधी दगा."

एक तर गेला. आता दुसरा आपल्या हाताने कसा घालवायचा? आयुष्यात पहिल्यांदा तो लेकीशी खोटं बोलला, आणि तेही त्याला धड जमलं नाही.

"सारखं वितळायचं ते," मुलगा एकदम बोलायला लागला. "पंपाचा जीव गेलेला, पाणी पुरायचं नाही, आणि बोलणी खायची कुणी? भाऊजींनी! पुन्हा आग विझली तर घरी बसवतो म्हणाले होते त्यांना. मला वाटलं, निदान त्यांची नोकरी..."

"गप बस!" म्हातारा कडाडला.

लेकीने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. मग बापाच्या खिशाकडे.

"काय आहे हातात?"

"काही नाही गं."

"द्या."

ती हात पुढे करून तशीच बसून राहिली. शेवटी म्हाताऱ्याची मूठ आपोआप उघडली.

तिने बूच उलटंसुलटं केलं. अंगठ्याचं नख मधोमध रुतवून पाहिलं, नख मुडपलं. मग लहानपणी करायची तसं तिने ते डोळ्याला लावलं, खिडकीकडे धरलं, आणि सावकाश खुर्चीकडे वळवलं.

"दादा," ती म्हणाली, "तू दिसत नाहीस रे."