तेजरामची खुशाली

"लेकरं किती?" नागपूरहून आलेल्या उषाबाईंनी कागदावर पेन टेकवून विचारलं.

"तीन," कुंताबाई म्हणाली. "दोन पोरी अन् एक पोरगा. तेजराम. तिसरीत शिकते."

सुपात तांदूळ पाखडणाऱ्या थोरल्या लेकीचा, चंद्रकांताचा, हात थांबला. ती दहावीला होती, तिला खोटं सोसत नव्हतं. आईनं तिच्याकडे असं पाहिलं, की पोरगी मुकाट्यानं पुन्हा पाखडू लागली.

तेजराम श्रावणातच गेला होता. काविळीचं निमित्त झालं आणि आठ दिवसांत हातचं पोर गेलं. फौजेत असलेल्या बापाला, भोजराजला, हे कळवायचं नाही असं कुंताबाईनंच ठरवलं. सासू वारली तेव्हा तार गेली होती. सुटी मिळाली नाही आणि हा गडी आठ दिवस जेवला नाही. बर्फातल्या चौकीवर चक्कर येऊन पडला, हे तिला मागाहून कळलं. पोराची बातमी गेली तर तो काही जिवंत परत येत नाही, ही भीती तिच्या पोटात घर करून बसली. तिनं सगळ्या एकोडी गावाच्या तोंडाला कुलूप घातलं. भोजराजच्याच पलटणीतला शहापूरचा नत्थू दसऱ्याला आठ दिवसांच्या सुटीवर आला, तर परत जाताना त्याच्याकडूनही शपथ घेतली.

तेव्हापासून दर पंधरवड्याला चंद्रकांता चिठ्ठी लिहायची. तेजराम मजेत आहे, बांधीवर धानाची राखण करतो, त्याचे पाढे पाठ झाले. बिचारी लिहिताना ओठ चावायची. भोजराज पूर्वी आधी धानाचं विचारायचा, हल्ली त्याची पहिली ओळ तेजरामची असे. संक्रांतीला त्यानं पोराच्या मापाची लोकरी टोपी पाठवली. ती छातीशी धरून कुंताबाई दिवसभर रडली. एकच नशीब म्हणायचं. पूर्वी चिठ्ठीच्या तळाशी तेजराम स्वतःच्या वाकड्यातिकड्या अक्षरात एक ओळ लिहायचा. ती बंद झाली, हे काही बापानं कधी विचारलं नाही. पुरुषांच्या ध्यानात असल्या गोष्टी कुठे येतात, असं म्हणून तिनं सुटकेचा श्वास सोडला होता.

उषाबाईंचं काम सरकारी नव्हतं, कॉलेजचं होतं. फौजींची घरं कशी चालतात, बाप दूर असताना मुलं कशी वाढतात, याचा अभ्यास. झोप लागते का, जेवण जातं का, कुणाशी बोलून मन हलकं होतं, असं त्या आस्थेनं विचारत होत्या. चंद्रकांताची पाळी आली तेव्हा त्यांनी विचारलं, तुला सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो?

"चिठ्ठी लिहाचा," ती खाली पाहून म्हणाली. "मले आता नाही लिहवत, मॅडम."

अभ्यासामुळे वेळ मिळत नसेल, असं उषाबाईंना वाटलं. त्यांनी तसंच लिहून घेतलं. कुंताबाई मात्र घाईनं पुढे सरकली.

"हा कागद चंद्रकांताच्या बाबाले तं नाही दाखवत ना, बाई?"

नाही, उषाबाई म्हणाल्या. उलट त्यांचाच कागद आमच्याकडे आला आहे. पलटणीतल्या जवानांकडून आम्ही आधीच भरून घेतले. आता तुमचा त्याला जोडायचा, की झालं. कुंताबाईच्या जिवात जीव आला. तिनं लेकीला चहा ठेवायला सांगितलं.

उषाबाईंनी पिशवीतून भोजराजचा कागद काढला. दोन्ही कागद मांडीवर शेजारी शेजारी ठेवून त्या एकेक रकाना पडताळू लागल्या. मध्येच त्या थबकल्या.

"कुंताबाई, इथं काही जुळत नाही. मी लेकरं नीट लिहून घेतली ना? हा कागद त्यांनी दिवाळीच्या आधी स्वतःच्या हातानं भरलाय, आणि त्यात फक्त दोन मुली लिहिल्या आहेत."