लुगड्याचा रंग

या, जवळ बसा माऊली, चिमुकली गोष्ट सांगतो. धुळे, जळगाव, पाचोरा, तिन्हीकडे भाईदासशेठची कापडदुकानं. जळगावच्या लुगडे-खात्याला मॅनेजर हवा होता. पुना आणि वना, दोन तरुण मुलाखतीला आले, आणि ही नोकरी लागली तरच वनाचं लग्न ठरणार होतं.

शेठनी एक लालभडक लुगडं पुढं टाकलं. "बाईमाणूस विचारील, रंग जाईल का? काय सांगाल?"

पुना म्हणाला, "लुगडं फाटेल, पण रंग जाणार नाही!"

वना म्हणाला, "रंग कच्चा शे, शेठ. बाईले तेच सांगसू."

शेठचे डोळे भरून आले. "वा! कीर्तनातला हरिश्चंद्रच उभा राहिला!"

मग वनाला बाजूला घेऊन म्हणाले, "मॅनेजर पुनाच. पण आमच्या घरच्यांसाठी लुगडं मात्र तू निवडून दे, भाऊ."

कापड घ्यायला जाल, तेव्हा वनाची आठवण असू द्या.