आमच्या घराची भिंत

"ओ बाई, भिंतीला हात लावू नका! गिलावा काढलाय, दिसत नाही का?"

झेनॉन कुलेशा तरातरा कमानीत शिरला. जुन्या वॉर्साच्या चौकातल्या त्या तपकिरी घराची राखण गेली वीस वर्षं त्याच्याकडे होती. कमानीतल्या भिंतीला ओल आली म्हणून गवंड्यांनी परवाच गिलावा उतरवला होता. उघड्या पडलेल्या विटांवर एक पंचावन्नीची बाई बोटं फिरवत उभी होती. एक वीट झाली की दुसरी. काहीतरी हरवल्यासारखी.

"माफ करा," ती म्हणाली. "आमच्या घराची भिंत आहे ही."

झेनॉनचा चढलेला आवाज तिथेच बसला. युद्धाआधी या चौकात राहणारी माणसं अधूनमधून अशी यायची. हल्ली फार थोडी उरली होती.

"तुमच्या घराची? अहो, मग आधी नाही का सांगायचं! कुठून आलात?"

"व्रोत्सवाफहून. सकाळच्या गाडीने."

"म्हणजे पार पश्चिमेच्या टोकाला! युद्धाने आपली माणसं कुठे कुठे नेऊन टाकली बघा." तिच्या बोलण्याचा हेल जरा वेगळा वाटत होता. इतकी वर्षं परगावी काढल्यावर वाटणारच, असं त्याने मनाशी म्हटलं. "नाव काय तुमचं?"

"मार्ता. मार्ता झावादस्का. आडनाव नवऱ्याकडचं."

त्याने तिला चौकात नेऊन बाकावर बसवलं. उन्हात रंगीत घरांची रांग उभी होती. कुणाच्या कपाळावर सोनेरी नक्षी, कुणाच्या खिडकीत लाल फुलं.

"मिळालं वाटतं काकांना कुणीतरी!" आइस्क्रीमच्या गाडीवरून बोझेना ओरडली. "बाई, दोन आइस्क्रीम घेऊनच बसा. एकात काकांचं पुराण संपत नाही."

"तू गप गं! या इथल्याच आहेत. तुझा जन्मही झाला नव्हता तेव्हा यांचं घर होतं इथे."

बोझेनाचं हसू मावळलं. तिने मुकाट्याने एक आइस्क्रीम आणून मार्ताच्या हातात दिलं आणि पैसे न घेता परत गेली.

झेनॉनने घसा खाकरला. "चव्वेचाळीस साली जर्मनांनी सुरुंग लावून एकेक घर उडवलं. तुम्हाला मी काय सांगावं! एक्कावन्न साली मी थापी हातात घेतली तेव्हा सतरा वर्षांचा होतो. जुनी चित्रं समोर ठेवून बांधलं आम्ही सगळं. खिडकी होती तिथे खिडकी, कमान होती तिथे कमान. त्रेपन्नच्या जुलैत चौक उघडला, आणि माझी आई याच जागी रडत उभी होती. काल एक कार्टं पाहुण्यांना सांगत होतं, हे सगळं नकली आहे म्हणून. मी त्याला कमानीत ओढला. म्हटलं, ढकल ही भिंत, बघू किती नकली आहे ते!"

मार्ता हसली. "पण एवढ्या विटा आणल्या कुठून?"

"मालगाड्या भरून यायच्या! सगळ्या देशाने दिल्या, बाई. लोकांनी आपापली पडकी घरं दिली राजधानीसाठी. हसत हसत दिली."

"हसत?"

"मग! आम्ही गाणी म्हणत उतरवून घ्यायचो."

आइस्क्रीम वितळून मार्ताच्या मनगटावर ओघळलं. तिचं लक्ष नव्हतं.

"तुमचं घर पडलं," झेनॉनने हळूच विचारलं, "तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

"समोरच्या रस्त्यावर. आईचा हात धरून. मी म्हणत होते, चल इथून. पण शेवटची भिंत पडेपर्यंत आई हलली नाही."

झेनॉनने डोक्यावरची टोपी काढली. मग उठून म्हणाला, "या माझ्याबरोबर."

कमानीत येऊन त्याने छिन्नी घेतली आणि एक सुटी झालेली वीट अलगद खेचून काढली. "आजवर मी इथला खडाही कुणाला नेऊ दिलेला नाही. गेल्या वर्षी एक जर्मन माणूस आठवण म्हणून तुकडा मागत होता, त्याला दारातूनच वाटेला लावला. पण तुमचा हक्क आहे. घ्या."

मार्ताने वीट उलटी केली आणि रुमालाने चुना पुसला. खाली ठसा होता, एक बगळा आणि दोन अक्षरं. तिने बोटाच्या पेराने वीट वाजवली. वीट खणखणली. तिची पाठ ताठ झाली.

"ही तुम्ही लावलीत?"

"मीच. हा तळमजला आमच्याच टोळीचा."

"भिंत अजून ओळंब्यात आहे. चाळीस वर्षांत केसभर हललेली नाही."

झेनॉनची छाती फुगली. असं कौतुक कुणी पाहुण्याने केलं नव्हतं. "गवंड्याच्या घरातल्या दिसता!"

"वीटभट्टीवाल्यांच्या." तिने वीट होती त्या खाचेत नीट सरकवली आणि तळव्याने दाबली. "राहू दे इथेच. चांगल्या हातांनी लावलीय."

"अहो, न्या की! तुमच्याच घराची आहे."

"आहेच. ठसा माझ्या आजोबांच्या भट्टीचा आहे."

"बघा! रक्ताला ओळख पटतेच!" झेनॉनचे डोळे भरून आले. "कितव्या मजल्यावर राहायचात? चला, वर नेतो. आपल्या खिडकीतून चौक बघा एकदा."

मार्ताने बोटांवरचा चुना पुसला.

"आमचं घर व्रोत्सवाफलाच होतं, भाऊ. युद्धाआधी ते गाव जर्मनीत होतं, आणि आम्हीही जर्मनच. एक्कावन्न साली आमचं धडधाकट घर पाडून विटा मालगाडीत चढवल्या. वॉर्सात मी आज पहिल्यांदाच आलेय."